मागच्या बाकावरचा चहा

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दुकानाचं शटर दर गुरुवारी संध्याकाळी अर्धं खाली यायचं आणि कापायच्या टेबलाभोवती चर्चच्या मंडळीतली सातआठ माणसं शुभवर्तमान वाचायला बसायची. लूकचं वाचून झालं, तशी पाळकांनी येशूनंतरच्या पहिल्या मंडळीची हकिगत काढली. घराघरांत जमणारी, एकत्र जेवणारी ती माणसं मावशींना भारी आवडली.

"अगदी आपल्यासारखीच की हो!"

पुढच्या गुरुवारच्या वाचनात मात्र त्या पहिल्या मंडळीतच कुरबुर निघाली. परभाषा, म्हणजे ग्रीक, बोलणाऱ्या विधवा रोजच्या अन्नवाटपात राहून जात होत्या.

"मुद्दाम?" मावशींनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही," पाळक म्हणाले. "लक्षातच आलं नसेल कुणाच्या."

बटण लावता लावता मावशींचा हात थांबला. रविवारी उपासनेनंतर चहा वाटायच्या त्याच. पुढून सुरुवात, ज्याची त्याची चौकशी, थट्टामस्करी. मागच्या बाकावर कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या बायका बसत. तिथवर पोचेपर्यंत किटली रिकामी व्हायची. त्या हसून निघून जायच्या. यांना चहा आवडत नसावा, असं मावशींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"यापुढे मी मागून सुरुवात करते."

"करा की," पाळक म्हणाले. "पण त्या पहिल्या मंडळीनं काय केलं तेही बघा. वाटपाला सात जण निवडले, आणि नावं सगळी ग्रीक. म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांतलेच."

चहाचं काम त्या बायकांवरच सोपवायचं, हे घरी ऐकून नणंद उखडली. "किटलीच देऊन टाकणार? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. म्हणून तर जड जातंय."

रविवारी त्यांनी मागच्या बाकावरच्या सर्वांत वयस्कर बाईपुढे भरलेली किटली धरली. भाषेची बोंब. घासायला दिली असं वाटून ती बाई मुकाट्याने नळाकडे निघाली. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिला हाताला धरून थांबवलं, स्वतः बाकावर बसल्या आणि रिकामा कप पुढे केला. बाई बघतच राहिली. मग खुदकन हसून तिने कप काठोकाठ भरला.

आता चहा त्या बायकाच करतात. कडक, साखर नावाला. पुढच्या बाकांवर नाकं मुरडली गेली, दोघांनी तर चहाच सोडला. नणंद मात्र दुसरा कप मागते. मावशींना अजून करमत नाही, हात रिकामे असले की उगाच चष्मा पुसत बसतात. त्या बाईच्या भाषेतलं 'अजून थोडा' तेवढं त्यांनी शिकून घेतलंय. उच्चार चुकतो, आणि अख्खा मागचा बाक हसतो.