पॅनेलमधली निळी तार

कामावर त्याला सगळे 'पुन्हाबघ' म्हणत. बावीस वर्षं तो मोठ्या इमारतींत हवा खेळवणाऱ्या यंत्रांच्या डक्टमध्ये, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांत, विजेचे हीटर बसवत आला होता. स्वतः आवळलेला स्क्रूही पुन्हा आवळून बघायचा आणि कुणी कामात हयगय केली की त्याला सोलून काढायचा. हाताखाली त्याची सख्खी भाची होती, चार वर्षांत तयार झालेली. "मामाचं तोंड तिखट, पण काम चोख," असं ती आईला सांगायची.

त्या सकाळी दोघं एका इस्पितळाच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत होते. नवजात बाळांच्या खोलीला ऊबदार हवा देणारा हीटर आठवड्यापूर्वी जळाला होता. पंख्याचा पट्टा तुटला, हवा थांबली, तरी हीटर तापतच राहिला. अति तापल्यावर वीज तोडणारा कटआउट शेवटी पडला, पण तोवर धूर खाली पोचला होता. परिचारिकांनी आणि धावून आलेल्यांनी सात बाळं छातीशी धरून दुसऱ्या मजल्यावर नेली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

नवा हीटर डक्टमध्ये बसला. पॅनेल मात्र जुनंच होतं. भाचीने इन्सुलेशन तपासलं, पंखा लावला, मग हीटरचा एकेक टप्पा चालू केला. तिन्ही फेजचा करंट सारखा.

"आता पंखा बंद कर," मामा म्हणाला. हवा थांबली की हवेचा स्विच हीटरची वीज तोडतो. तोडायलाच हवी.

पंखा थांबला. मीटरवरचा आकडा हलला नाही.

"मेन पाड! मेन!"

भाचीने मेन पाडून कुलूप घातलं. मामाने पॅनेलमध्ये डोकं खुपसलं. वायरींच्या जुडग्यामागे हवेच्या स्विचची दोन्ही टोकं एका निळ्या तारेने परस्पर जोडलेली होती. स्विच असून नसल्यासारखा!

"कुठल्या गाढवाचं काम हे? खाली लेकरं निजतात आणि हा शहाणा तार जोडून घरी गेला?"

भाचीने बॅटरी जवळ धरली. तारेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावरचं तिने दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय? वाच की."

"'चाचणीनंतर काढणे.' मामा, अक्षर बघा."

त्याने पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. तो हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला. नऊ वर्षांपूर्वी हे पॅनेल त्यानेच सुरू करून दिलं होतं.

"मी? मला काहीच आठवत नाही गं. काहीच नाही."

ती हळूच म्हणाली, "इथे आपण दोघंच आहोत. काढून टाकू?"

"हात लावू नकोस. आधी इथल्या इंजिनिअर बाईंना बोलाव."

इस्पितळाच्या देखभाल खात्याच्या त्या बाई जिना चढून आल्या. त्याने तारेकडे बोट दाखवलं. "ही माझी आहे. मी विसरलो."

बाईंनी वाकून चिकटपट्टी वाचली. "त्यातलं एक बाळ मी स्वतः उचललं होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दर वर्षी तपासणीच्या कागदावर माझी सही आहे. पंखा बंद करून मी एकदाही पाहिलं नाही."

तार तिघांसमोर निघाली. पुन्हा चाचणी झाली. या वेळी पंख्यामागोमाग हीटरही बंद पडला.

काम तपासून पास केल्याची शेवटची सही करण्याचा त्याचा अधिकार कंपनीने वर्षभरासाठी काढून घेतला. आता सही भाची करते. त्याने हूं की चूं केलं नाही. उलट जुन्या कामांची यादी मागून घेतली. एकतीस ठिकाणं निघाली. सुट्टीच्या दिवशी मामा-भाची एकेक पॅनेल उघडतात.

आतापर्यंत सतरा झाली. एकातही तशी तार नव्हती.

"मग आता तरी सोड की," बहीण परवा त्याला जेवायला वाढताना म्हणाली.

"अजून चौदा आहेत, ताई," तो म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला.