न आलेल्या गाडीच्या सात सीटा

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही किंमत तोंडाने उच्चारलेली नाही. भाजीची नाही, दवाखान्याची नाही, आणि ज्या धंद्यावर त्यांनी संसार केला त्या जुन्या मोटारगाड्यांची तर नाहीच नाही. त्यांचे वडील धुळ्याकडच्या बैलबाजारात दलाल होते. बैलबाजारात भाव बोलायचा नसतो. दलाल आपल्या खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो, त्याच्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरतो, जितकी बोटं दाबली तितका भाव. घेणाऱ्याचा भाव देणाऱ्याला दिसत नाही, आणि भोवतीच्या पन्नास रिकामटेकड्यांना दोघांचाही दिसत नाही. वडिलांबरोबर बैल संपले, पण टॉवेल मुलाच्या खांद्यावर राहिला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. जळगावात मेहरूणला राहायला आले, बैलांच्या जागी जीप, टेम्पो आणि स्कूटरी आल्या, तरी नानांची रीत तीच. गाडी बघायला गेले की आधी तिच्या मागे उभे राहायचे आणि मालकाला म्हणायचे, जरा चालवून दाखव. का, तर चाल मागून कळते. मग पाठीवरून हात फिरवायचा, बॉनेट उघडून दात बघावेत तसं इंजिन बघायचं, आणि उजव्या बाजूला पोचा असेल तर गाडी घराला धार्जिणी नाही असं सांगून निघून यायचं. माझी स्कूटर त्यांनीच घेऊन दिली. तिचा आधीचा मालक आमच्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. आम्ही दोघे रोज एका बाकावर डबा खायचो, पण त्याला किती मिळाले आणि मी किती दिले हे एकमेकांना विचारायची आमची कधी छाती झाली नाही.

हे धंद्यापुरतं असतं तर चाललं असतं. पण नानांना धंदा आणि जग यांतली सीमारेषा मान्य नव्हती. भरताची वांगी घेताना ते भाजीवाल्याचा हात टॉवेलखाली घेत आणि तो बिचारा गुदगुल्या होऊन हसत सुटे. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासून झाल्यावर नानांनी फी ठरवायला टॉवेल पसरला आणि डॉक्टरांचा हात धरला. डॉक्टरांना वाटलं, पेशंट घाबरलाय. त्यांनी टॉवेलखालीच नाडी पाहिली आणि म्हणाले, "ठीक आहे." नानांनी सौदा मान्य झाला असं समजून आपल्या हिशेबाचे पैसे टेबलावर ठेवले आणि उठले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, सरळ विचारावं ना." तर माझ्याकडे एखाद्या उघड्यावर कपडे बदलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाले, "मास्तर, भाव बोलाना नही ऱ्हास, दाबाना ऱ्हास."

दुसरी गोष्ट म्हणजे, इतक्या गाड्या हाताखालून गेल्या, पण नानांनी स्वतः कधी सायकलसुद्धा घेतली नाही. ज्या मालाची दलाली करायची तो माल आपण घ्यायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. त्यामुळे दुसऱ्याला जीप घेऊन देऊन, तिच्या धुळीने माखून, नाना एस.टी.ची वाट बघत नशिराबादच्या थांब्यावर उभे आहेत, हे दृश्य मी शाळेतून येता-जाता किती वेळा पाहिलं असेल, सांगता येत नाही.

तर अशा या माणसाच्या हाती नव्वदच्या दशकातल्या एका सकाळी पेपर पडला आणि त्यात एका येऊ घातलेल्या गाडीची बातमी होती. सात सीटांची. उंच, रुंद, पुढे लोखंडी जाळी, काचा वरखाली करायला बटणं. किंमत अजून जाहीर व्हायची होती आणि गाडी 'निवडक, उच्च अभिरुचीच्या कुटुंबांसाठी' आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. नानांनी ती बातमी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली. सात सीटांची गाडी हे प्रकरण तेव्हा खानदेशात कुणाला नीट समजण्यासारखं नव्हतं. आमच्याकडच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये सात माणसं ड्रायव्हरच्या आसपासच बसत. खरी जीप त्यांच्या मागे सुरू होई. त्यात कंपनीचा एक साहेब गिऱ्हाइकांची मतं घ्यायला जळगावच्या एका शोरूमला आला आणि शहरातल्या दलालांनाही चहाला बोलावलं. मी नानांबरोबर गेलो होतो. साहेबांनी टाय सारखा करून विचारलं, ही गाडी तुमच्या भागात काय किमतीला जाईल असं वाटतं? भर सभेत, माइकवरून! सगळ्या दलालांनी माना खाली घातल्या. नाना मात्र माणुसकी म्हणून उठले, व्यासपीठावर गेले आणि साहेबांच्या हातावर टॉवेल टाकला. साहेबांना तो सत्कार वाटला. त्यांनी टॉवेल गळ्यात घातला आणि हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टॉवेल परत मिळवताना नानांनी एवढंच विचारलं की गाडी नक्की कुणासाठी आहे. साहेब म्हणाले, "ही गाडी सगळ्यांसाठी नाही, काका. मोजक्या लोकांसाठी आहे." नाना चक्रावले. "मोजकास्ना करता शे, तं मंग सात सीटा कसाले कऱ्यात?"

खरं सांगायचं तर नानांना या प्रश्नाचं उत्तर नकोच होतं. त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं. त्यासाठी आमच्या सासुरवाडीबद्दल थोडं सांगायला हवं. आमची सासुरवाडी यावलची. चार बहिणी, म्हणून आम्ही चार साडू. थोरले नाना. दुसरे केळीवाले, रावेरकडचे, घरची जीप असलेले. तिसरा मी, शाळामास्तर. चौथा, सगळ्यांत धाकटा, धुळ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये होता. ती जिनिंग बंद पडली आणि तो सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झाडाला झोका बांधतात, आणि वर्षभराचं सासर झोक्यावर बसून गाण्यात उडवून लावतात. आमच्या चौघींचाही तसाच नेम होता. पण एका आखाजीला केळीवाल्यांनी धाकट्याला आणि त्याच्या बायकोला आपल्या जीपमधून यावलला आणलं, आणि पंगतीत पुरणपोळी वाढली जात असताना सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या जीपनं आले म्हणून वेळेवर पोचले. नाहीतर बसले असते एस.टी.ची वाट पाहत." मनात काही नव्हतं त्यांच्या. केळीचा घड उतरवावा तसे ते शब्द उतरवतात, खाली कोण आहे बघत नाहीत. धाकट्याने पान पुरतं संपवलं. पण पुढच्या आखाजीला तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि नवरा नाही म्हणून धाकटी बहीणही नाही. यावलच्या झोक्यावर तिघीच बसायला लागल्या. सासूबाई चौथं ताट वाढून ठेवायच्या आणि मग स्वतःच उचलायच्या. हे सगळ्यांनाच बोचत होतं. पण धाकट्याला बोलवायला गेलं की तो हसून म्हणे, "येसू ना, सवड भेटनी की येसू." नानांना ते फार लागलं होतं. थोरला जावई या नात्याने घराचा मांडव उभा ठेवायचं काम आपलं आहे अशी त्यांची समजूत होती.

म्हणून नानांनी योजना आखली. सात सीटांची ती गाडी आम्ही सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि तिच्यातून आखाजीला यावलला जायचं. कुणी कुणाला लिफ्ट द्यायची नाही. ज्याची त्याची सीट, ज्याचा त्याचा भाव. चार जोडपी म्हणजे आठ माणसं, गाडी सातांची, अशी शंका मी काढली. नाना म्हणाले, दलाल मोजायचा नसतो. ते एस.टी.ने पुढे जाऊन झोका बांधून ठेवणार होते.

मग मेहरूणच्या घरी एका रविवारी आम्हा साडवांची बैठक बसली आणि कुणीही न पाहिलेल्या गाडीच्या सीटा विकल्या गेल्या. त्या साहेबाने ती विक्री बघायला हवी होती. केळीवाल्यांनी सुरुवातीलाच नाक मुरडलं. "चालवणार मी, आन् पैसेबी मीच भरू?" नाना म्हणाले, "लगाम ज्याना हातमा, गाडी त्यानी." केळीवाल्यांची छाती फुगली आणि टॉवेलखाली त्यांनी नक्कीच बरीच बोटं कबूल केली असणार, कारण नंतर बराच वेळ ते पंजा झटकत होते. मला मधल्या रांगेतली खिडकी मिळाली, शिकलेल्या माणसाने बाहेर बघावं म्हणून. मधल्या रांगेची मधली सीट, जी कुणीही फुकट घेणार नाही, ती माझ्या बायकोला 'दोन्हीकडच्या गप्पा ऐकू येणारी' म्हणून खिडकीपेक्षा चढ्या भावाने दिली गेली, आणि तिने ती आनंदाने घेतली. मागच्या दोन सीटा म्हणजे बंगल्याची गच्ची, असं सांगून केळीवाल्यांच्या बायकोला तिकडे धाडलं. तिच्या शेजारी नानांची स्वतःची बायको. तिच्याशी व्यवहार करायला नानांनी टॉवेल पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "तो आधी धुवायला टाका." उरल्या दोन. मधली दुसरी खिडकी धाकट्या बहिणीची, आणि ड्रायव्हरशेजारची पुढची, मानाची सीट धाकट्याची. 'व्यवहाराचं काम आहे' असा नानांचा निरोप गेला म्हणून आलेला धाकटा एवढा वेळ दाराशी बसला होता. नाना उठून त्याच्याजवळ गेले, टॉवेल टाकला, हात धरला. बराच वेळ धरला. धाकट्याच्या कपाळावर आठी पडली. मग नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "व्हयना व्यवहार!" केळीवाल्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पुढच्या सीटचा भाव म्हणजे काय असेल, असा त्यांचा हिशेब चालला होता.

आखाजीच्या महिनाभर आधी गाडीची किंमत जाहीर झाली. पेपरात, ठळक अक्षरांत, शेजारी गाडीचा फोटो. नानांना धक्का बसला तो आकड्याचा नव्हे. "भाव छापी टाका? लाज शे का नही?" असं म्हणून त्यांनी पेपर उलटा करून ठेवला. आकड्याचं दुःख आम्हाला झालं. आमच्या सगळ्यांची बोटं, पायांची धरून, पुरली नसती. गाडी मोजक्या लोकांसाठी होती, आणि त्या मोजणीत आम्ही बसत नव्हतो. योजना बुडाली असंच आम्ही धरून चाललो. नानांनी मात्र जळगावच्या स्टँडवरून एक काळीपिवळी जीप दिवसभरासाठी ठरवली आणि सगळ्यांना निरोप धाडले की सीटा ठरल्याप्रमाणे.

आखाजीच्या सकाळी जीप मेहरूणला दारात उभी राहिली. धाकटा येईल की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. माझी बायको चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आली. तेवढ्यात केळीवाल्यांनी आपला लगाम मागितला. जीपचा ड्रायव्हर चावी द्यायला तयार होईना, तेव्हा नानांनी त्याच्यावरही टॉवेल टाकला आणि तो मुकाट्याने मागच्या पायरीवर जाऊन लटकला. केळीवाले स्टिअरिंगवर बसले आणि सवयीने मला म्हणाले, "या मास्तर, बसा पुढं." मी चढणार, एवढ्यात मागून आवाज आला. "ती सीट मनी शे." धाकटा होता. धुतलेला शर्ट, हातात बायकोची पिशवी, मागे बायको, दोघे एस.टी.ने धुळ्याहून आलेले. आवाज चढवलेला नव्हता, पण कापतही नव्हता. मग केळीवाले वाकले, आतून हात लांब करून त्यांनी त्याच्यासाठी दार उघडलं आणि म्हणाले, "हो, तुमचीच. व्यवहार झालाय." त्या क्षणी मला ते केळीवाले फार आवडले. जीप निघाली. तापीच्या पुलावर वळून पाहिलं तर मागच्या पायरीवर ड्रायव्हर आणि नाना शेजारी शेजारी लटकले होते, आणि नाना त्याला टायरबद्दल काहीतरी ऐकवत होते.

त्या दुपारी झोक्यावर चौघी बसल्या. दोरी करकरत होती आणि सासूबाई तुटेल तुटेल म्हणून ओरडत होत्या. जेवणानंतर धाकटा मला बाजूला घेऊन गेला. मग म्हणाला, "मास्तर, एक इचारू? नानास्नी मना हात नुसता धरी ठेवा. एक बी बोट दाबं नही. मंग 'व्हयना' म्हने. माले भाव समजनाच नही. आते इचारू कसा?" आपल्यालाच कळलं नाही, या शरमेने तो दोन महिने गप्प होता आणि न कळलेल्या भावासाठी पैसे बाजूला टाकत होता. मी नानांकडे गेलो. दुसऱ्याच्या सौद्याची चौकशी केली म्हणून आधी चांगलाच झापला गेलो. मग इकडेतिकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "पुढली सीट इकाले काढेलच नव्हती. ती धाकला जवाईनी ऱ्हास."

सीट विकायची नव्हतीच, हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर ती फुकटची म्हणून धाकटा पुन्हा सवड शोधत बसला असता. मी त्याला जाऊन सांगितलं की तुझा आणि माझा भाव एकच होता, आणि गाडीच आली नाही म्हणून तो माफ झाला. त्याने सुटकेचा श्वास सोडला. "मंग ठीक शे," म्हणाला, आणि जाऊन झोक्याला झोके द्यायला लागला. आयुष्यात मी वर्गात आणि वर्गाबाहेर बरंच खोटं सांगितलं असेल. त्यातलं हे एक मला अजून आवडतं.

त्यानंतर काही वर्षं आम्ही आखाजीला तसेच जात राहिलो. पुढे दिवस पालटले, सगळ्यांचंच बरं झालं. केळीवाल्यांनी मोठी गाडी घेतली, धाकट्याच्या मुलाने बापाला घेऊन दिली, मीही निवृत्तीनंतर एक घेऊन टाकली. आता आखाजीला यावलच्या दारात तीन गाड्या लागतात, सगळ्या सात सीटांच्या, आणि प्रत्येकीतून दोन माणसं उतरतात. जेवण झालं की ज्याचं त्याचं काम असतं, जो तो आपल्या वेळेला निघतो. नाना आणि त्यांची बायको अजून एस.टी.ने येतात, सगळ्यांच्या आधी. गेल्या आखाजीला ते ओट्यावर बसून होते. टॉवेल मांडीवर, नजर त्या गाड्यांच्या काचांमधून आत लागलेली. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मास्तर, एवढ्या सीटा रिकाम्या शेतस. कोनाले देवान्या?" गाडीची चावी हातात होती, निघायची वेळ झाली होती. मी ती खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.