रोमचे चार पॉइंट

लेकीनं जर्मनीहून मोबाइलवर रोमचा प्लॅन पाठवला तेव्हा मी तो तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा माझं एकच मत झालं, की पोरीला कोणीतरी गंडवलंय.

तीन दिवस आणि चार पॉइंट! पहिल्या दिवशी एक कारंजं, बस. दुसऱ्या दिवशी ते गोल पडकं मैदान, कलोसियम, तेही फक्त खालच्या मजल्यावरून. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठं चर्च, पण घुमटावर जायचं नाही. आणि संध्याकाळी काय, तर 'बागेत बसणे'. शिवाय रोज दुपारी 'आराम'. अहो, बागेत बसायला विमानानं जायचं? आमच्या तळेगावात तळ्याकाठी बाकडी काय कमी आहेत?

दुसरा कोणी असता तर गप बसला असता. पण मी तीस वर्षं लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवलीय. साइडसीन हा माझा धंदा. सकाळी स्टेशनवरून पार्टी उचलायची आणि संध्याकाळी अकरा पॉइंट दाखवून परत सोडायची. त्यातल्या लबाड्या मला कोणी शिकवायला नकोत. एकच दरी मी तीन कठड्यांवरून तीन नावांनी दाखवलीय आणि लोकांनी तिन्ही ठिकाणी फोटो काढून माझे आभार मानलेत. जिथं जायचा कंटाळा आला, तो पॉइंट 'दुरुस्तीला बंद'. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं, की एकदा बायकोनं मंडईत चला म्हटल्यावर तेच बाहेर पडलं. ती आठ दिवस हसत होती. तर सांगायचं काय, रोमच्या स्टँडवरही माझ्यासारखा कोणीतरी उभा असणारच, आणि आमची पोरगी सरळ त्याच्या गाडीत जाऊन बसली, अशी माझी खात्री झाली.

एक गोष्ट मात्र मी धंद्यात इमानानं केली. पार्टी गाडीत चढताना मी सामान बघायचो नाही, पाय बघायचो. कुठला पाय आधी टाकतात, दाराला कसं धरतात, चढल्यावर श्वास कुठं अडकतो. कोणाचा गुडघा दुखरा दिसला की मनातल्या मनात दोन-तीन पॉइंट कापून टाकायचो. कार्ल्याच्या पायऱ्या तर पहिल्या कापायच्या. पण हे पॅसेंजरला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस इरेला पेटतो, आणि मग अर्ध्या पायऱ्यांवर बसकण मारतो. लेक लहान असताना सुट्टीत पुढच्या सीटवर माझ्यासोबत असायची. तिला मी हे सगळं शिकवलं होतं. ती हळूच माझ्या कानात सांगायची, "पप्पा, त्या आजींचा डावा."

ती पोरगी पुढं इंजिनिअर झाली, जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात लागली आणि कंपनीनं तिला दीड वर्षासाठी जर्मनीला पाठवलं. दिवाळीला परत यायची होती. त्याच्या आत आम्ही दोघांनी जायचं, तिनं तिकडून यायचं आणि तिघांनी मिळून रोम बघायचं, असं ठरलं. रोमच का, तर बायकोसाठी. तिच्या सातवीच्या पुस्तकात त्या गोल मैदानाचं चित्र होतं, आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली. आंबीच्या माहेरातून तळेगावच्या सासरी आली, मग स्वयंपाक, शेत, पोरीचं शिक्षण. मी सगळ्या दुनियेला पॉइंट दाखवत फिरलो, ती घरीच राहिली. आयुष्यात तिनं स्वतःहून मागितलेली ही एक गोष्ट. ते मला कळत होतं. म्हणून तर ती फसायला नको होती.

मी लेकीला फोन लावला. "चार पॉइंट? मी पावसाळ्यातसुद्धा सात दाखवतो!"

"पप्पा, निवांत बघायचंय आपल्याला."

"आणि घुमट का काढला?"

"पाचशेच्या वर पायऱ्या आहेत."

"मग? राजमाची चढणारी माणसं आपण."

"तिथं गर्दी पण फार असते पप्पा, आणि कधीकधी बंद पण असतो."

बंद! हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मलाच माझा माल विकते? मी सांगून टाकलं, "घुमट टाक, रोजचे पाच पॉइंट कर, न्हाईतर असल्या प्लॅनवर मी येत न्हाई. रद्द कर सगळं." बायको समोर भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. एरवी ती मला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहत नाही, पण त्या दिवशी नुसती परातीत बघत राहिली.

तेव्हापासून घरात काहीतरी शिजतंय असा मला वास यायला लागला. मी खोलीत आलो की मायलेकींचं फोनवरचं बोलणं बंद. "काय चाललंय?" विचारलं की "काय न्हाई, भाजी कशी करायची ते सांगत होते." अर्धा तास भाजी? गच्चीवरचे कपडे आणायला मला पाठवायची नवीन पद्धत सुरू झाली होती. वीस वर्षं त्या दोरीला मी हात लावला नव्हता. आठवड्यातून दोनदा दुपारी बायको भजनाला म्हणून जायची आणि रिक्षानं परत यायची. देऊळ आमच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. रिक्षा कशाला?

मग एक दिवस तांदूळ काढायला गेलो तर पिंपाच्या मागं एक खोकं. उघडून बघतो तर बायकी बूट, पांढरे, जाड मऊ तळव्याचे, चिकटपट्टीचे. जन्मभर चपलेवर काढलेल्या बाईला बूट, आणि तेही लपवून! मी खोकं होतं तसं ठेवलं आणि डोकं चालवलं. उत्तर सापडायला वेळ लागला नाही. पोरीनं तिकडं कोणीतरी पसंत केलाय. रोम हे नुसतं निमित्त. 'बागेत बसणे' म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रम, फक्त या वेळी पोहे घेऊन मुलगा येणार. आईला आधीच सामील करून घेतलंय, बूटसुद्धा आलेत. आणि बाप? बापाला दुपारी 'आराम'! मला मनापासून राग आला, आणि खोटं कशाला बोलू, रडूही आलं. आपल्याच घरात आपण पॅसेंजर झालो असं वाटलं. मी ठरवलं, व्हिसाची तारीख जवळ आलीच आहे, पुण्याला जाताना गाडीत बायकोला कोंडीत पकडायचं आणि सगळं वदवून घ्यायचं. नाही बोलली तर गाडी तिथूनच मागं फिरवायची. मग बसू दे पोरीला रोमला एकटीला.

त्या दिवशी सकाळी नऊला निघालो. माझी गाडी जुनी, उंच. दर वेळी मी आधी बसतो, इंजिन चालू करतो आणि हॉर्न मारतो, ती येऊन बसते. त्या दिवशी पुढच्या काचेवर कबुतरांनी घाण केली होती म्हणून मी फडकं घेऊन पुढं उभा होतो. ती आली. मी काच पुसतोय हे तिनं बघितलं, पण माझं लक्ष नाही असं तिला वाटलं असावं.

तिनं दोन्ही हातांनी दार धरलं. पाठ सीटकडं केली. आधी बसली, दात आवळून. डावा पाय आत घेतला. मग साडीवरून उजव्या गुडघ्याखाली दोन्ही हात घातले आणि तो पाय उचलून आत ठेवला. दार लावलं, पदरानं कपाळ पुसलं आणि समोर बघत बसली.

फडकं माझ्या हातातच राहिलं. पॅसेंजर असती तर मी एका नजरेत तीन पॉइंट कापले असते. रिक्षा, गच्ची, भजन, बूट, दुपारचा आराम, सगळ्याचा अर्थ एका क्षणात लागला. तीस वर्षं परक्या बायकांचे गुडघे वाचत आलो आणि घरातल्या बाईचा पाय कधी बघितलाच नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गाडीत बसलो. इंजिन चालू केलं. देहू रोड आल्यावर तीच म्हणाली, "आज गप का वो?" मी म्हटलं, "ट्रॅफिक हाय." रस्ता मोकळा होता.

व्हिसाचं काम झालं. तिथला जिना बघून मी म्हटलं, लिफ्टनं जाऊ, मला दम लागलाय. तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं, पण आली.

घरी आल्यावर मी एकटाच खाली उतरलो आणि पार्किंगमधून लेकीला फोन लावला. तीच आधी बोलली, "पप्पा, टाकला घुमट. तिसऱ्या दिवशी. आता तरी रद्द करू नका."

"काढून टाक."

ती मग म्हणाली, "कळलं तुम्हाला?"

"उजवा," मी म्हटलं.

तिकडं तिला हुंदका आला. म्हणाली, आईनं शपथ घातली होती. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन टळणार नाही, तोवर भजनाच्या नावाखाली व्यायाम चालू आहे. आई म्हणाली, त्यांना कळलं तर ते रोम रद्द करतील, आणि पुढच्या वर्षी हा पाय मला नेईल का सांगता येत नाही. "आणि पॅसेंजरला सांगायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंय की."

वर गेलो. बायको मटार सोलत बसली होती. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "पोरीचा फोन होता. घुमट जमत न्हाई म्हणं. दुरुस्तीला बंद हाय."

तिचे हात थांबले.  मी टीव्हीचा रिमोट शोधायला लागलो.

"बंद हाय?" ती म्हणाली.

"व्हय."

"मंडईसारखा?"

 ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि पिंपामागचं खोकं घेऊन आली. खुर्चीत बसून बूट माझ्यासमोर ठेवले.

"मला वाकता येत न्हाई," ती म्हणाली. "जरा घालून बघता का?"

मी खाली बसलो आणि तिचा पाय मांडीवर घेतला. गुडघा सुजला होता, टाचेला भेगा होत्या. चिकटपट्टी लावली, सोडली, परत जरा सैल लावली.

"दुखतं का?" मी विचारलं.

"लय," ती म्हणाली.