गोठ्यात गुरं बांधणारी अक्का

कौतिकअक्का आणि तिच्या वावराला लागून असलेली आणखी तीन घरं, एवढ्यांची गाडवाट सन १९७१ साली, ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, भर दुपारी भिंत घालून बंद करण्यात आली. भिंत घालणारे नथ्थूआबा, पंचायत समितीचे सदस्य आणि आमच्या गावचे भाग्यविधाते. दिवस त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. आखाजीला आमच्याकडे कुणी वावरात जात नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात आणि पुरुषमंडळी पत्ते घेऊन पारावर बसलेली असतात. पुरणपोळी खाऊन गाव सुस्तावलं, तेवढ्यात आबांचे गवंडी कामाला लागले. सणाच्या दिवशी मजुरांना काम दिलं, याबद्दल खरं तर त्यांचा सत्कारच व्हायला हवा होता.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिलं की तुम्ही म्हणाल, हे त्या गावचं लचांड, आपल्याला काय त्याचं. धुळ्याहून सायकलने येता येईल इतपत जवळ आहे, एवढं पुरे.

अक्काबद्दल सांगायचं तर पहिल्यांदा हेच सांगावं लागेल की तिच्याशी बोलताना जपून बोलावं लागे. ती भांडखोर होती म्हणून नव्हे, म्हणजे तशी ती होतीच. पण समोरचा जे बोलेल ते ती खरं धरून चाले. आपण सगळे दिवसभर कितीतरी गोष्टी नुसत्या बोलण्यासाठी बोलतो. या-बसा, तुमचंच घर आहे, कधीही हाक मारा, जीव गेला तरी बेहत्तर. अक्काला ही सोय ठाऊकच नव्हती. बोटाने मशेरी लावत ती शांतपणे ऐकून घेई, बाजूला थुंकून येई, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारी, "तू बोलना ना? मंग आते कर."

निवडणुकीत एक उमेदवार खादीची कडक इस्त्री सांभाळत दारोदार फिरत होते. अक्कासमोर वाकून म्हणाले, "मावशी, मला तुमचा लेकच समजा." अक्काने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, घरात गेली आणि रिकामा हंडा घेऊन आली.

"लेक शे ना तू? मंग हिरवरथून दोन हांडा पानी आनी दे. मना कंबरमा उसन भरनी शे."

विहिरीवर बाया होत्या. उमेदवारांच्या मागे कार्यकर्ते होते. उमेदवारांनी पाणी शेंदलं. दुसऱ्या हंड्याला इस्त्री गेली, पण मत मिळालं. निवडून आल्यावर ते पुन्हा आमच्या गल्लीत आले नाहीत; कदाचित हंडा आठवत असेल.

तिचे मालक उत्तमआप्पा अबोल माणूस. खाटेवर बसून सुतळी वळत असत. अक्का कुणाशी भांडायला निघाली की लोक त्यांना म्हणत, आप्पा, जरा समजवा. आप्पा मान न उचलता सांगत, "मी लगीनमा 'व्हय' बोलनू व्हतू. तवयपासून ऐकी रायनू."

तर भिंत. भिंतीच्या आत आबांनी आधीच एक इमारत उभी केली होती. पेरणीच्या काळ्या जमिनीवर, सडकेला लागून, बिनशेती परवानगीचा कागद न घेता. उंच पत्रे, लोखंडी शटर, विजेचे दिवे, आणि ट्रक टेकवून माल चढवता-उतरवता येईल असा दगडी ओटा. वैशाखात शेतकऱ्याला मागच्या वावरात शेणखत न्यायचं असतं, मिरगात बियाणं आणि पेरायची पांभर न्यायची असते. बैलगाडी काही बांधावरून जात नाही. त्या चार घरांची त्या सालची पेरणी भिंतीच्या अलीकडे उभी राहिली.

आम्ही धुळ्याच्या कॉलेजातली पोरं तेव्हा पत्रकं काढत होतो. मी लगेच पत्रक लिहिलं. "रक्ताचा शेवटचा थेंब सांडू, पण गाडवाट मोकळी करू!" असा मथळा दिला. गावात येऊन पारावर ते मोठ्याने वाचलं. अक्काने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "रगत काय करू मी, भाऊ? वावरमा रगत टाकीसन जवारी येस का? शेणखत टाकनं शे. तू मदत करसू बोलना ना? मंग उचल पाटी."

क्रांतीची ती पहिली फळी डोक्यावर शेणाच्या पाट्या घेऊन दिवसभर बांधावरून चालली. संध्याकाळी अर्धी गाडीसुद्धा खत पलीकडे पोचलं नव्हतं. माझ्या मानेला जे कळलं ते त्या पत्रकात कुठेच नव्हतं. रस्ता नसणं म्हणजे काय, ते लिहिणाऱ्याने एकदा डोक्यावर घेऊन बघावं.

मग भिंत आणि बिनपरवाना इमारत, दोन्हींविरुद्ध अक्काच्या नावाने रीतसर अर्ज केला, आणि मामलेदारसाहेब पाहणीला आले. जीप आबांच्या दारात थांबली, चहा आबांकडे झाला, पाहणी आबांच्या सावलीत झाली. आबा शुद्ध भाषेत बोलत होते. साहेब समोर असले की त्यांची भाषा धोतराइतकीच स्वच्छ असे.

"साहेब, हा गोठा आहे. शेतकऱ्यानं आपल्या वावरात गुरांसाठी गोठा बांधू नये काय? आणि गुरं भरकटू नयेत म्हणून भिंत."

नथ्थूआबांचं गुरांवर एवढं प्रेम आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे एक शेळीही नव्हती. मी ट्रकच्या ओट्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी त्या दिशेने पाहायचं कष्टपूर्वक टाळलं आणि अक्काला समजावलं, "बाई, गोठ्याला बिनशेती परवानगी लागत नाही. गोठा तो गोठा. तुमचा अर्ज निकाली."

अक्का पुढे झाली. मला वाटलं, आता शिव्या सुरू होतील. पण तिने पदर नीट केला आणि अगदी आदराने विचारलं, "सायेब, गोठा शे असं तुम्ही बोलनात ना? कागदवर बी तसंच लिखशात ना?"

"तसंच लिहिणार."

"बरं व्हयनं," अक्का म्हणाली आणि घरी गेली.

आम्ही हताश होऊन नव्या पत्रकाचा मजकूर ठरवत बसलो. अक्का मात्र गल्लीगल्लीतून हाळी देत फिरत होती. "व माय, आबानी गावकरता गोठा बांधा! सायेबनी सांगं! ऊनमा ढोरं कसाले मारतस?"

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा गावातली निम्मी जनावरं सडकेला लागली. बैल, म्हशी, वासरं, आणि कुणाची तरी एक आंधळी गाय. पुढे अक्का, हातात काठी. माल उतरवायचा म्हणून शटर उघडंच होतं. राखणदार आडवा आला. "अक्का, आबासले इचारू द्या." अक्का म्हणाली, "सायेबले इचारेल शे," आणि तिची म्हैस आत शिरली. मागून सगळी.

आत भुईमुगाच्या शेंगांची पोती छतापर्यंत रचलेली होती, आणि एका बाजूला सरकी पेंड. आमच्या गावच्या जनावरांनी अशी पंगत जन्मात पाहिली नव्हती.

आबा धावत आले. धोतराचा सोगा हातात, आणि शुद्ध भाषा वाटेत कुठेतरी पडून गेलेली.

"अक्का! हाई काय चालनं शे?"

"तुना गोठामा ढोरं बांधात, आबा. देव तुनं भलं करो."

"आठे मना माल शे!"

"माल?" अक्काने आजूबाजूच्या सगळ्यांकडे पाहिलं. "गोठामा माल कसाना? काल सायेबले तू काय बोलना व्हता?"

गुरं हाकलावी तर गोठा नव्हे, आणि ठेवावी तर माल राहत नाही. शेवटी त्यांनी चौकीतून जमादाराला आणवलं. जमादार भला माणूस, त्याने टोपी काढून कपाळ पुसलं आणि हळूच विचारलं, "आबा, फिर्याद काय लिहू? गोठ्यात बैल शिरले?" लोक इतके हसले की एक वासरू बुजून ओट्यावर चढलं.

दोन दिवस आबांनी कळ काढली. दोन्ही दिवस जनावरं गोठ्यातच होती. तिसऱ्या दिवशी आबा अक्काच्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, भिंतीला फाटक ठेवतो, एक किल्ली तुझ्याकडे राहू दे. बाकीच्या तिघांचं मी बघून घेईन.

आमच्यातल्या दोघातिघांना वाटलं, घ्यावी किल्ली. अक्काने चहाची बशी खाली ठेवली. "वाटले किल्ली ऱ्हास का कधी? आज माले देशी, सकाय मना हातमाथून लेशी. आनी त्या तिन्ही घरना लोके मना तोंडकडे पाहतीन. भिंत पाड. गाडी जाई इतली पाड."

भिंत पडली. गाडी जाईल इतकी, वर एक बैल आडवा जाईल इतकी. चार घरांच्या गाड्या शेणखत घेऊन त्या खिंडारातून गेल्या. त्या साली पेरणी झाली. इमारत मात्र जागची हलली नाही. गुरं घरी गेली, ओटा धुतला गेला, ट्रक पुन्हा लागले, आणि सरकारदरबारी तो गोठाच राहिला. मी त्यावर दोन पत्रकं काढली. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर.

यंदाच्या पौषात अक्का गेली. छातीत कफ साठला होता. डॉक्टर धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "अक्का, येत्या बाजाराच्या दिवशी वावरात फिरशील." ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले, हे सगळ्यांना कळलं, तिला सोडून. बाजाराच्या दिवशी तिने आप्पांना गाडी जुंपायला लावली. आप्पांनी गाडीत गोधडी अंथरली, तिला उचलून ठेवलं, आणि खिंडारातून वावरात नेलं; मी गाडीमागून चालत होतो. हरभरा घाट्यावर आला होता. तिने दोन घाटे सोलून तोंडात टाकले आणि एक माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "पानी कमी पडनं." तिसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्याभरात भिंत पुन्हा उभी राहिली. या खेपेला वर काचा लावल्यात. आणि आबांनी अर्ज केला आहे की सदर बांधकाम दंड भरून घेऊन नियमानुकूल करावं. अर्जात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं आहे: गोदाम व दुकानांचे गाळे. गोठा हा शब्द नावालाही नाही. म्हणजे म्हशी घेऊन जायची वाट त्यांनी बुजवली. आणि अर्जासोबतच्या नकाशात गाडवाट काढलेलीच नाही. नकाशा मंजूर झाला की ती वाट कधी नव्हतीच, असं होईल, आणि येत्या मिरगात ती चार घरं पेरणार नाहीत.

आखाजीपर्यंत हरकती मागवल्याची नोटीस चावडीत आहे, दाराच्या आतल्या बाजूला, दार उघडं असलं की झाकली जाते अशी. तुम्ही हे धुळ्यात वाचत असाल, जळगावात वाचत असाल किंवा आमच्याच गावात पारावर बसून वाचत असाल, अक्का थोर बाई होती असं मला येऊन सांगू नका. त्या वाटेने तुम्ही कधी चालला असाल, तर चावडीत जा. दार लावून घ्या, तलाठ्याला नोटीस मोठ्याने वाचायला लावा, आणि ही गाडवाट होती, आम्ही तिच्यावरून गेलो आहोत, अशी लेखी हरकत स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने द्या. त्या वाटेने गेला नसाल, तर तुमच्या गावची जी वाट अशीच बुजली असेल तिच्यासाठी द्या. पोच घेतल्याशिवाय चावडीतून उठू नका. आणि हे आखाजीच्या आत करा.