एक बाहेर, एक आत

१९ मे १९९९, रत्नागिरी. मुलीचा साखरपुडा. हजर: आमची माणसं, देवरुखची वरपक्षाची माणसं, न बोलावता आलेली अर्धी आळी आणि जेवणाच्या दाराशी माझे धाकटे दीर.

संसारातल्या झाडून सगळ्या गोष्टी मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावर बसवून दाखवणारा माणूस उभ्या कोकणात दुसरा नसेल. भाऊजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. अंधारात मूग रुजवायचे, त्यांच्या पेशींतल्या या इवल्या चुली वेगळ्या काढायच्या आणि त्यांच्या पडद्यातून पोटॅशियम कसं ये-जा करतं ते मोजायचं, हाच त्यांचा संसार. दुसरा त्यांनी केला नाही. चुली थंड ठेवायला बर्फ लागे, तो ते मासळीच्या जेटीवरून आणत. त्यामुळे भाऊजींच्या शोधनिबंधांना बांगड्याचा वास येतो, असं आमचे हे म्हणत. एकदा मी विचारलं, "पोटॅशियम जास्त आत शिरलं तर?"

"चूल फुगते, वहिनी. मग फुटते. म्हणून पडदा एक पोटॅशियम बाहेर काढतो, तेव्हाच एक प्रोटॉन आत घेतो."

हे ऐकूनही मी त्यांना दाराशी उभं केलं. आमच्याकडे लोक जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याचा मठ्ठा संपायची वाट बघतात, ते मला नको होतं. भाऊजींनी दार असं राखलं, की पंख्याचा वारा पहिल्यांदाच पानापर्यंत पोचला. तेवढ्यात विहीणबाई आल्या.

"थांबा. आतून कोणी येऊ दे."

"अहो, मी मुलाची आई."

"असाल. आत जागा नाही."

विहीणबाईंचा चेहरा बघून मला सोयरीक मोडलेलीच दिसली. वाढणं टाकून मी बाहेर आले. "झाले मी बाहेर. घ्या त्यांना."

भाऊजींनी त्यांना अदबीनं आत सोडलं. मला मात्र परत शिरू दिलं नाही. लेकीच्या साखरपुड्यात मी दाराबाहेर ताटकळतेय हे पानावरून दिसलं, तसा विहीणबाईंचा राग निवळला. निघताना म्हणाल्या, "लग्नातही दाराशी ह्यांनाच ठेवा. आमची माणसं सुखानं जेवली."

ठेवलं. दोन्ही कार्यांत सगळे आत गेले, बाहेर आले, भाऊजी उंबऱ्यावरच. दोन्ही वेळा मी ताट घेऊन दाराशी गेले, तर ते बर्फ आणायला निघून गेलेले. मुलीला आता दोन मुलं आहेत. त्यांच्या कार्यात माझं एकच काम राहिलंय: दाराशी दुसरं कोणीतरी उभं करायचं, भाऊजींना आत बसवायचं आणि पोटभर वाढायचं.