फोर्तिनची दक्षिण भिंत

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच लांबलचक भिंत आहे. मागे टेक्सासचं पांढरंफटक आभाळ, खाली रिओ ग्रान्देची बारीक धार, पलीकडे मेक्सिको. जूनमधली सकाळ. भिंतीपुढे स्टुलावर पाय रोवून बसलेली बहात्तर वर्षांची बाई. खांद्यावर काळी शाल, मांडीवर हातोडा. तिचं नाव रेफुखिया बाएसा. गावासाठी दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई.

भिंत फोर्तिनची, म्हणजे गावच्या किल्ल्याची. सव्वाशे वर्षांपूर्वी हॅलॉक नावाच्या व्यापाऱ्याने हा किल्ला स्वतःच्या हिमतीवर बांधला. ना सरकारचा हुकूम, ना फौज. कच्च्या विटांच्या चाळीस खोल्या आणि छपरावर तोफ. ती दोनदाच उडाली, त्यातही दुसऱ्यांदा लग्नात. हॅलॉक तापाने गेला. जावयाने किल्ला पत्त्यांत घालवला. जिंकणाऱ्याने दिवाणखान्यात शेळ्या बांधल्या. मालक असे येत-जात राहिले, पण दर वसंतात गावच्या बायका येऊन भिंती लिंपायच्या. विटा रचायच्या पुरुषांनी, लिंपायचं बायकांनी, ही इथली वाटणी. दक्षिण भिंतीच्या कोपऱ्यात कुकाच्या पणजीने पहिल्या वर्षी ओल्या चिखलात पंजा उमटवला होता. तेवढी वीतभर जागा सोडूनच पुढे सगळ्यांनी लिंपलं. लहानपणी कुका त्यात आपला हात ठेवून बघायची, कधी मावतोय ते.

आता संग्रहालयासाठी किल्ला सरकारने घेतला आणि हिवाळ्यात दक्षिण भिंतीवर सिमेंट चढलं. पंजाही त्याखाली गेला.

"दोन्या कुका, आजही आलात?" इंजिनिअर आर्नुल्फोने टोपी काढली. पोरगा गावचाच, शिकून साहेब झालेला.

"का? माझं स्टूल तुझ्या नकाशात येतंय?"

"अहो, दरवर्षी कोण लिंपत बसणार? आता पन्नास वर्षं बघायला नको."

"तुझी तोमासा आजी दरवर्षी बघायची. तिच्या हाताखाली मी चिखल तुडवलाय. आणि तू तिचाच नातू! मातीची भिंत श्वास घेते रे. तोंड दाबलंस तर घाम आतच मुरणार."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या स्वयंपाकघराने."

तीस वर्षांपूर्वी शेजारणीवर छाप पाडायला तिने हौसेने घराला सिमेंट करून घेतलं होतं. वर्षभर मिरवली. दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या पावसात भिंत आतून विरघळली आणि चूल, घेवड्याचं मडकं, संत अंतोनियोची मूर्ती, सगळ्यांना घेऊन बसली. शेजारीण अजून हसते.

"पावसाला तीन आठवडे आहेत," कुका म्हणाली. "हातभर जागा फोडू दे. आत कोरडं निघालं, तर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत तुझी माफी मागेन."

"आणि ओलं निघालं तर?"

"तर तू पायातले बूट काढून चिखल तुडवशील."

आर्नुल्फोला हसू आलं. "फोडा."

तिने तळापाशी घाव घातला. एक, दोन, पाच. सातव्याला सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि मागून काळा लगदा पचकन त्याच्या बुटांवर पडला. हिवाळ्यातल्या चार सरींचं पाणी एका भेगेतून शिरून तिथेच कोंडलं होतं. आर्नुल्फोने आत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

 मग तो खाली बसून बुटाची नाडी सोडू लागला.

"किती बायका लागतील?"

"तुझी आई धरून अकरा."

"आईचे गुडघे दुखतात."

"चिखल काय गुडघ्यांनी लावतात?"

दुसऱ्या दिवसापासून सगळं सिमेंट उतरवायला घेतलं. पुरुषांनी भिंतीला टेकू दिले, कुजलेल्या विटा काढून नव्या बसवल्या. बायकांनी पेंढा भिजवला, वाळू चाळली, निवडुंगाचा चीक घातला. कोपऱ्यातला सिमेंटचा तुकडा कुकाने स्वतः सोडवला. आतली ओली माती लगदा होऊन गळून गेली, पंजा गेला.  कुकाने तो सिमेंटचा तुकडा उलटा केला. त्यावर पाच बोटं फुगून वर आली होती. खळग्यात बसून सिमेंटने पणजीचा हातच उचलला होता.

कोपरा लिंपून होताच तिने तो तुकडा ओल्या चिखलावर नीट दाबला आणि अलगद काढला. पंजा जागच्या जागी.

"घे," ती आर्नुल्फोला तुकडा देत म्हणाली, "तुझं सिमेंट एवढ्यापुरतं बरं."

तिसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळला. भिंत भिजली, वाळली, उभी राहिली.

त्यानंतर सात वसंत कुका लिंपायला आली. आठव्या वसंतात तिला अंथरुणातून उठवेना. आर्नुल्फो भेटायला आला, उशाशी बसला, काही हवंय का म्हणून विचारलं. तिने डोळे उघडले, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बूट घालून काय बसलायस? उत्तरेची भिंत राहिलीय. पेंढा आजच भिजत घाल."