पिंपाला भिणारे सर

सरांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी चौसाळ्यातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात एका गेटला टाके मारत होते. "ताई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी होल्डर ठेवला, मशीन बंद केली आणि तिथंच बसले. रडू नंतर आलं. आधी आली ती भीती… आपल्या पाठीमागं उभं असलेलं कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखी. काही आठवडे झाले, पण ती अजून हटत नाही.

भालेराव सर आम्हाला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. नेकनूरहून एसटीनं येणारी मी वर्गातली एकटी मुलगी. सर भित्रे म्हणून प्रसिद्ध होते. कुणाची बाही वर दिसली की ओरडायचे, केबलला बारीक चीर दिसली तरी तास थांबवायचे. पोरं त्यांची नक्कल करायची आणि ती इतकी हुबेहूब असायची की मलाही हसू आवरायचं नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता. ऊसच नसल्यानं आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना बंद पडून होता. त्याच्या वर्कशॉपमध्ये प्रशिक्षणार्थ्यांची वेल्डिंगची स्पर्धा ठेवली गेली. पहिला येईल त्याला पुढच्या हंगामात तिथंच अप्रेंटिस म्हणून घेणार होते. मला ती जागा हवीच होती, कारण घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती आणि हाताला काम लागलं तरच ती थांबणार होती.

स्पर्धेत गळकी लोखंडी पिंपं सांधायची होती. ती चारा छावणीत जनावरांच्या पाण्यासाठी जाणार होती. पण पिंपं होती स्पिरिटची. असलं पिंप आधी पाण्यानं भरून घ्यायचं, नाहीतर आत राहिलेली वाफ ठिणगीनं पेट घेते, हे सरांनी आम्हाला घोकून घेतलं होतं. त्या वर्षी मात्र पाणी ओतायचं नावही कुणी काढेना. पिंपं नुसती उन्हात वाळवली होती. मला सगळं ठाऊक होतं. तरी मी रॉड लावला. पिंपाची भीती होतीच, पण नंबर जाण्याची भीती त्याहून मोठी होती. मी तोंडापुढं काच धरली… आणि मशीनची घरघर थांबली.

सर मेन स्विच पाडून त्याला पाठ लावून उभे होते.

कारखान्याचे एक संचालक पुढं आले. "कावून बंद केलं, सर?"

"साहेब, पिंपं पाण्यानं भरून द्या."

"छावणीत जनावरं तडफडायलीत, आन् तुमी पिंपात पाणी ओता म्हणता? चांगली वाळवलीत की!"

संचालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. टँकरपाशी बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या. सरांनी पाठ स्विचला आणखी घट्ट लावली.

"मला लई भ्या वाटतंय, साहेब. लेकरं हायेत. मी हितून हलणार न्हाई."

लोक हसले. पण सर हलले नाहीत. शेवटी पिंपं बाजूला सारून आम्हाला साध्या पट्ट्या जोडायला दिल्या. माझा टाका काही सरळ पडेना. पहिला नंबर दुसऱ्या कुणाला गेला. पुढं सर नेकनूरला आले आणि माझ्या वडिलांकडून लग्नासाठी वर्षभराची मुदत मागून गेले. तेव्हाही ते भ्यालेलेच होते, हातातल्या कपातला चहा हिंदकळत होता. त्या वर्षात मी काम मिळवलं.

त्या पिंपात खरंच वाफ होती का, हे कधीच कळलं नाही. उन्हात वाळलं असेल, नसेलही. लोक मात्र सर निवृत्त होईपर्यंत 'पिंपाला भिणारे सर' म्हणत राहिले, आणि सरांनी कधी कुणाला खुलासा दिला नाही.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेली माणसं पांगल्यावर सरांच्या पत्नीनं, काकूंनी, मला आतल्या खोलीत नेलं. सरांच्या खाटेवर आम्ही दोघी बसलो. मग त्यांनी हळूच विचारलं, "समदे हसायचे गं त्यांना. खरंच इतके भित्रे होते का?"

"होय काकू, लई भित्रे होते," मी म्हणाले. "म्हणून तर मी आज तुमच्यापाशी बसलेय."

काकूंनी माझे दोन्ही हात धरले, भाजल्याच्या जुन्या डागांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मग आता त्यांच्या वाटचं बी तूच भीत जा, बाई."